आधी उलटी बाजू दाखवा

लहानशा मागावर मी काचेचे मणी विणते. मनगटपट्ट्या, गळ्यालगतच्या पट्ट्या, क्वचित भिंतीवर लावायचं एखादं मोठं काम. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचा ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा हिवाळ्यात नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये भरतो. त्यात आणि शहरातल्या इतर प्रदर्शनांत टेबल मांडून बसल्यावर जे कळत गेलं, ते नव्याने मांडणी करणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

१. माग घरी ठेवून येऊ नका.

टेबलावर नुसते तयार नग असले की लोक दागिन्यांच्या नजरेनं बघतात. "बर्डीच्या बाजारात शंभरात भेटते," म्हणतात आणि पुढे सरकतात. अर्धवट विणलेला माग समोर असला की थांबतात. "काय विणून राहिली, ताई?" अशा वेळी हात थांबवायचे नाहीत, विणता विणताच सांगायचं. रुंदीला १५ मणी हवे असतील तर ताण्याचे धागे १६ लागतात. सुईत १५ मणी ओवून ती ताण्याखालून न्यायची, मणी बोटानं खालून वर दाबायचे, प्रत्येक मणी दोन धाग्यांच्या मधे बसला की तीच सुई आता ताण्याच्या वरून, सगळ्या मण्यांच्या भोकांतून परत आणायची. झाली एक ओळ. परतताना सुई एखाद्या धाग्याखालून गेली तर तिथला मणी पकडला जात नाही, लोंबतो. हेही मुद्दाम करून दाखवावं, लहान मुलं तर खिळून बघतात.

माझे जपानी मणी १.६ मिलिमीटर जाडीचे आहेत. १६ सेंटिमीटरच्या पट्टीला १०० ओळी, म्हणजे १५०० मणी. आधी हा हिशेब सांगायचा आणि मग किंमत.

२. या शहरात विणकाम कळणारी माणसं गर्दीत मिसळलेली असतात.

जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. आज त्या जागेवर मॉल उभा आहे. पण गिरणीच्या कितीतरी आधीपासून इथे कोष्ट्यांचे हातमाग होते. पाचपावली, गोळीबार चौक, तांडापेठ या भागांतली कितीतरी घरं त्या खटखटाटात वाढलेली. त्यातली एखादी आजी टेबलापाशी येते तेव्हा तिचं बघणंच निराळं असतं. अशा एका आजीनं पट्टी उचलली, वरच्या नक्षीकडे नजरही टाकली नाही. पट्टी उलटी केली, कडेवरून नख फिरवलं, दोन्ही टोकं चिमटीत धरून हलकासा ताण दिला आणि विचारलं, "शेंडे कुठी गेले, बाई?"

या प्रश्नाला उत्तर असलं पाहिजे. १६ ताण्यांची दोन्हीकडची मिळून ३२ टोकं होतात. ती एकेक करून सुईत घ्यायची आणि शेजारच्या ओळींतल्या मण्यांमधून फिरवून आत मुरवायची. भलतं कंटाळवाणं काम आहे. विणण्यापेक्षा मला तेच जास्त दमवतं. बरेच जण टोकांवर गोंद लावून वर चामड्याची पट्टी चिकटवतात. झटपट होतं, दिसतंही नीट. पण नागपूरच्या उन्हाळ्यात घामाच्या मनगटावर तो गोंद किती टिकेल याची मला शंका आहे. आजींना एक टोक भिंगाखाली दाखवलं. त्यांनी मान डोलावली आणि काहीही न घेता गेल्या. थोड्या वेळानं सुनेला घेऊन आल्या. तेव्हापासून टेबलावर एक नग मी उलटाच मांडते.

३. शेजारच्या स्टॉलवर जाऊन बसा.

या मेळ्यात बस्तरच्या ढोकऱ्यापासून बांबूकामापर्यंत बरंच काही बघायला मिळतं, पण मला सर्वांत जास्त दिलं ते करवतकाठी साड्या विणणाऱ्यांनी. जुन्या पद्धतीच्या करवतकाठीत अंग टसरचं आणि काठ सुती. ती तीन धोट्यांवर विणतात: दोन काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक. काठाचा आणि अंगाचा बाणा जिथे भेटतो तिथे ते एकमेकांत अडकवतात, आणि तिथेच करवतीचे दाते उभे राहतात. हे तोंडी ऐकून समजत नाही, मागाशेजारी बसावं लागतं.

हे दाते मण्यांत छान उतरतात, कारण मण्यांची नक्षी मुळातच पायऱ्यापायऱ्यांची. मोराचं मात्र तसं नाही. मणी १.६ मिलिमीटर जाड पण लांबीला १.३, त्यामुळे शाळेच्या चौकटीच्या वहीत काढलेला मोर मागावर उंचाडा होतो, मान सारसासारखी. कागदावरच्या चौकटी मण्याच्या मापाच्या आखून घ्याव्यात.

४. रंगाची परीक्षा मे महिन्यात घ्या.

काही मण्यांत रंग काचेतच असतो, काहींवर तो वरून चढवलेला. दुकानात दोन्ही सारखेच झगमगतात. गुलाबी आणि जांभळ्याच्या बाबतीत तर कुणाचाही भरवसा धरू नये. नव्या पुडीतले थोडे मणी नेलपॉलिश काढायच्या द्रावणात टाकायचे, थोडे गच्चीवर उन्हात ठेवायचे आणि उरलेले डब्यात. नागपूरचं ऊन ही फुकटातली प्रयोगशाळा आहे. आणखी एक: संध्याकाळी स्टॉलवरच्या पिवळ्या दिव्याखाली संत्र्याचा रंग आणि हळदीचा रंग एकच दिसतो, तेव्हा पांढरा दिवा सोबत असू द्या.

५. हस्तशिल्प विकास आयुक्त कार्यालयाचं पहचान कार्ड काढून ठेवा. २०१६ पासून ते मिळतं, आणि सरकारी मेळ्यांत स्टॉल मागताना तेच आधी विचारतात. फोटोकॉपी दोन ठेवा.

६. घासाघीस होणारच.

मी किंमत ओळींवर लावते. कुणी कमी करायला सांगितलं की रुंदी किंवा नक्षी कमी करून दुसरा नग दाखवते, त्याच नगाची किंमत उतरवत नाही. काकू रागावतात, काही परत येतात, काही नाही. मेळ्याच्या शेवटच्या संध्याकाळी सगळीकडे भाव पडतात, तेव्हा हे जड जातं हे खरं.

७. "शिकवता का?" असं विचारणाऱ्याला रिकाम्या हाती पाठवू नका.

महागड्या मागाची सुरुवातीला गरज नसते. बुटांचं रिकामं खोकं घ्यायचं, दोन्ही आखूड कडांवर बारीक दातांच्या कंगव्याचे तुकडे बसवायचे. दातांमधलं अंतर मण्याच्या लांबीएवढं हवं. धागा मेण लावलेला, सुई मण्यातून दोनदा आरामात जाईल इतकी बारीक. ताणा ओढला की खोक्याच्या भिंती आत वाकतात, म्हणून आत लाकडी पट्टी आडवी ठोकून घ्यायची.