लोकशाही आधी की सीमा आधी?

मेसमध्ये बातम्या चालू होत्या. म्यानमारचा विषय निघाला तेव्हा रूममेटने विचारलं, "आपण जगातली सर्वांत मोठी लोकशाही, मग तिथल्या लष्कराला ठणकावून का सांगत नाही?" मला उत्तर देता आलं नाही. म्हणून थोडं वाचलं, ते इथे मांडतो.

१९८८ साली तिथे लोकशाहीसाठी आंदोलन पेटलं, तेव्हा भारत उघडपणे आंदोलकांच्या बाजूने होता. त्यांच्या नेत्या आँग सान सू ची तर दिल्लीच्या लेडी श्रीराम कॉलेजात शिकलेल्या. १९९० च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाने ४८५ पैकी ३९२ जागा जिंकल्या, पण लष्कराने सत्ता सोडलीच नाही.

पुढे दिल्लीचा सूर बदलला. कारण नकाशातच आहे. १,६४३ किलोमीटरची सीमा आणि तिला लागून आपली चार राज्ये : अरुणाचल, नागालँड, मणिपूर, मिझोराम. ईशान्येतल्या बंडखोरांचे तळ सीमेपलीकडे, आणि तिथे चीनचं वजन वाढत चाललेलं. मग लष्कराशी बोलण्यावाचून गत्यंतर नाही, असं ठरलं.

२००५ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या लोकशाही निधीला १ कोटी डॉलर देऊ केले. आणि २००७ च्या सप्टेंबरात म्यानमारमध्ये बौद्ध भिक्खू रस्त्यावर उतरले होते, तेव्हा आपले पेट्रोलियममंत्री तिथे गॅसच्या करारांसाठी गेलेले! फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली. जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत निषेधाचा ठराव ११९ मतांनी मंजूर झाला. ३६ देश तटस्थ राहिले, त्यात भारतही होता.

एवढं करून सुरक्षा मिळाली का? कोलकात्याहून समुद्रमार्गे सित्वे बंदर, तिथून नदी आणि रस्त्याने मिझोराम, असा कलादान प्रकल्प. करार २००८ चा. बंदर मे २०२३ मध्ये सुरू झालं, पण जानेवारी २०२४ मध्ये याच मार्गावरचं पलेत्वा आराकान आर्मीने जिंकून घेतलं. म्हणजे करार ज्या सरकारशी केला, त्याच्या हातात रस्ताच उरला नाही.

शेजारी निवडता येत नाही, हे खरं. लष्कराशी बोलावंच लागतं, हेही खरं. पण फक्त त्यांच्याशीच बोलून भागत नाही. सिव्हिलवाल्यांना सांगायला नको : पाया घालण्याआधी माती तपासतात. परराष्ट्र धोरणात ती माती म्हणजे तिथली जनता. लोकशाही आणि सुरक्षा या दोन वेगळ्या फायली आहेत असं आपण धरून चाललो, तिथेच गणित चुकलं, असं मला वाटतं.

रूममेटला हे पटलेलं नाही. वाद चालू आहे.