पितळी वाद्याची मुखनळी आणि तिचे सुटे कडे

१. विषयप्रवेश

लग्नसराईच्या दिवसांत सायंकाळी झाशीच्या रस्त्याने निघावे, तर एखादी तरी वरात आडवी येतेच. पुढे बॅंडवाले, दोन्ही बाजूंस दिव्यांच्या रांगा आणि मागे घोड्यावरील नवरदेव. बुंदेलखंडात मंगलकार्यात रमतूला नावाचे धातूचे फुंकवाद्य वाजविण्याची जुनी चाल आहे. पेशवाईत जी मराठी कुटुंबे झाशीस येऊन स्थायिक झाली, त्यांना तुतारी आणि शिंग ही वाद्ये घरचीच होती. वरातीतील ट्रंपेट किंवा युफोनियम ही वाद्ये दिसण्यात निराळी असली तरी स्वर उत्पन्न करण्याची रीत या सर्वांची एकच आहे. वादक ओठ मिटून जोराने फुंकतो, ओठ थरथरतात आणि त्या थरथरीने नळीतील हवा कंप पावू लागते.

वादकाचे ओठ आणि वाद्याची नळी यांची गाठ जेथे पडते, त्या लहानशा तुकड्याला आपण मुखनळी म्हणू. ट्रंपेटची मुखनळी आपल्या मुठीत सहज मावते. परंतु वादकाचा स्वर आणि त्याच्या ओठांचे आरोग्य ही दोन्ही तिच्यावर अवलंबून असतात. अशी मुखनळी दोन तुकड्यांत का करतात आणि तिचे कडे आट्यांनी का बसवितात, हे या पाठात पाहू.

२. मुखनळीचे भाग

ओठांना टेकणारी गोल कडा म्हणजे कडे. कड्याच्या आत एक खोलगट प्याला असतो. प्याल्याच्या तळाशी अरुंद छिद्र असते, त्यास कंठ म्हणतात. कंठापासून पुढे वाट हळूहळू रुंद होत जाते आणि मुखनळीचा निमुळता दांडा वाद्याच्या नळीत घट्ट बसतो.

ट्रंपेटच्या कड्याचा आतील व्यास सुमारे १६ ते १७ मिलिमीटर असतो. ट्रॉम्बोनचा सुमारे २५ आणि ट्यूबाचा ३२ मिलिमीटरच्या आसपास. ट्रंपेटचा कंठ मात्र साधारण ३.७ मिलिमीटर, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढा असतो. वादकाचा सारा श्वास एवढ्याशा वाटेने जातो.

३. प्रत्येक भागाचे काम

ट्रंपेटची नळी उलगडली तर तिची लांबी सुमारे दीड मीटर भरेल. एका टोकाशी मिटलेले ओठ असल्यामुळे ही नळी एका बाजूने बंद असल्यासारखी वागते. सर्वत्र सारख्या व्यासाच्या अशा नळीतून १, ३, ५ या विषम प्रमाणातच स्वर निघतात. पुढे पसरलेला कर्णा आणि मागे जोडलेली मुखनळी या दोहोंमुळे ते स्वर सरकतात आणि २, ३, ४, ५, ६ अशी सलग मालिका जवळजवळ जुळून येते. बिगुलाचे सर्व इशारे याच मालिकेतील मोजक्या स्वरांत बांधलेले असतात. म्हणून मुखनळीचा आकार बिघडला की स्वरांचे परस्परप्रमाणही बिघडते.

प्याला उथळ असेल तर आवाज तेजस्वी व उंच स्वरांस अनुकूल होतो. खोल असेल तर तो गंभीर व भरदार होतो. कड्याचे काम निराळे आहे. ओठांचा किती भाग थरथरावयास मोकळा राहील आणि उरलेल्या भागावर दाब कसा पसरेल, हे कडे ठरविते. रुंद कड्यावर दाब विभागला जातो व वादक उशिरा थकतो. अरुंद कड्याने ओठांची हालचाल अधिक चपळ होते.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. प्याल्याचा संबंध प्रामुख्याने आवाजाशी आहे, तर कड्याचा वादकाच्या शरीराशी. मग ही दोन्ही एकाच तुकड्यात का असावीत? कारागिरांनी कडे वेगळे कातले, त्यास आटे पाडले आणि प्याल्यावर फिरवून बसविले. आता ओठांना सवयीचे झालेले कडे कायम ठेवून वादकास प्याला बदलता येतो. फ्रेंच हॉर्नच्या वादकांत अशा मुखनळ्या विशेष प्रचारात आहेत.

मुखनळीचे मोल व्हिन्सेंट बाख याच्या चरित्रावरून कळते. १८९० साली ऑस्ट्रियात जन्मलेला हा ट्रंपेटवादक अमेरिकेत गेला. तेथे त्याची आवडती मुखनळी दुरुस्तीत बिघडली. तशीच दुसरी मिळेना, म्हणून १९१८ साली न्यूयॉर्क येथे त्याने स्वतःच लेथवर मुखनळ्या कातण्यास आरंभ केला. पुढे त्याच्या मापांचे क्रमांक जगभर परिचित झाले.

४. आट्यांचे गणित

झाशीच्या रेल्वे कारखान्यात हरघडी नटबोल्ट फिरत असतात. एका नटाच्या जागी दुसरा बसतो, कारण आट्यांची मापे ठरलेली आहेत. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ साली आट्यांचे प्रमाण सुचविले, तेव्हापासून या शिस्तीस सुरुवात झाली. मुखनळ्यांच्या बाबतीत अशी एकवाक्यता झालेली नाही. एका कारखान्याचे कडे दुसऱ्याच्या प्याल्यावर बसेलच असे नाही. म्हणून विकत घेण्यापूर्वी आटे जुळवून पाहावे.

समजा, दोन आट्यांमधील अंतर ०.८ मिलिमीटर आहे. कडे पूर्ण आवळले नाही आणि पाव फेरा उरला, तर ०.२ मिलिमीटर फट राहील. कड्याचा आतील व्यास १६.५ मिलिमीटर धरल्यास त्याचे क्षेत्रफळ सुमारे २१४ चौरस मिलिमीटर येते. त्यास ०.२ ने गुणिले असता प्याल्याचे घनफळ सुमारे ४३ घन मिलिमीटरने वाढले असे दिसते. प्याला १ घन सेंटिमीटरचा, म्हणजे १,००० घन मिलिमीटरचा असेल, तर ही वाढ ४ टक्क्यांहून अधिक झाली. उंच स्वरांवर तिचा परिणाम विशेष होतो. यासाठी चांगला कारागीर आट्यांच्या शेवटी सपाट बैठक ठेवतो. आटे कड्यास ओढून धरतात; खोली ठरते ती बैठकीमुळे.

५. ओठांचे रक्षण

कातकामास सोयीच्या पितळेत तांबे व जस्त यांच्याबरोबर सुमारे ३ टक्के शिसे असते. शिसे विषारी आहे, म्हणूनही मुखनळीवर चांदीचा किंवा सोन्याचा मुलामा देतात. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने तो प्रथम कड्यावरच झिजतो आणि उघडे पितळ ओठांना लागू लागते. काहींच्या त्वचेस निकेल सोसत नाही. ओठांवर पुरळ उठते. अशा वेळी संपूर्ण मुखनळी टाकून देण्याचे कारण नाही. केवळ कडे काढून त्यावर पुन्हा मुलामा चढविता येतो, किंवा प्लॅस्टिकचे कडे बसविता येते.

प्लॅस्टिकच्या कड्याचा आणखी एक लाभ आहे. पितळ हे प्लॅस्टिकपेक्षा पाचशेपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. झाशीच्या पौषातील थंड रात्री पितळी कडे ओठांची ऊब ओढून घेते, तर ज्येष्ठातील उन्हात तेच चटका देते. प्लॅस्टिकचे कडे दोन्ही वेळी सौम्य वाटते.

बॅंडमधील वाद्ये पुष्कळदा मालकाची असतात आणि वादक हंगामापुरते येतात. आज जे वाद्य एकाच्या ओठांना, ते उद्या दुसऱ्याच्या. प्रत्येक वादकाजवळ स्वतःचे कडे असेल, तर त्याच्या ओठांची सवय मोडणार नाही आणि एकाचा संसर्ग दुसऱ्यास होण्याचा संभव कमी होईल. मात्र प्याला व कंठ सामाईकच राहतात, म्हणून तेही साबणाच्या कोमट पाण्याने धुतले पाहिजेत. आट्यांतील मळही काढावा, नाही तर कडे अडकून बसते.

ओठ हेच वादकाचे भांडवल. लुई आर्मस्ट्रॉंगसारख्या विख्यात ट्रंपेटवादकासही १९३० नंतरच्या दशकात ओठांच्या दुखापतीमुळे काही काळ वादन थांबवावे लागले. कडे कितीही चांगले असले, तरी ते ओठांवर दाबून उंच स्वर काढण्याची खोड घातकच होय.

६. करून पाहा

(१) सुमारे दीड मीटर लांबीच्या रबरी नळीस एक लहान नरसाळे बसवा. दुसऱ्या टोकाशी ओठ मिटून फुंका आणि ओठ कमीअधिक आवळून किती स्वर निघतात ते मोजा.

(२) लाकडी पट्टी व पितळी चमचा रात्रभर एकाच खोलीत ठेवा. थंडीच्या दिवसांत सकाळी दोन्ही ओठांना लावून पाहा. दोहोंचे तापमान एकच असता एक अधिक थंड का लागते?

(३) एका बोल्टवर नट दहा फेरे फिरवा. नट किती सरकला ते मोजून दोन आट्यांमधील अंतर काढा.