प्लेट, रॉड की गोळा?

प्रश्न : माझी आई 78 वर्षांची. मोरीत पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी रॉड घातला. आमच्याच गल्लीतले एक काका तसेच पडले, त्यांचा मात्र गोळा बदलला. तिसऱ्या एका ओळखीच्या बाईंना नुसती प्लेट लावली. एकाच दुखण्याला तीन तऱ्हा कशा? आणि यातलं चांगलं कोणतं?
— एक वाचक, काचीगुडा, हैदराबाद

उत्तर : तिघांचाही खुबाच मोडला हे खरं, पण मोड एकाच जागची नसणार. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोळा असतो, तो कमरेच्या वाटीत फिरतो. गोळ्याखाली हाडाची मान, आणि मानेखाली मोठे स्नायू येऊन चिकटतात तो रुंद भाग. डॉक्टर त्याला ट्रोकँटर म्हणतात. मान मोडली की ट्रोकँटर, यावर पुढचं जवळजवळ सगळं ठरतं.

कारण रक्तपुरवठ्याचं आहे. गोळ्याला रक्त नेणाऱ्या बारीक वाहिन्या मानेला लगटून वर चढतात. मान मोडून हाड सरकलं की त्या तुटतात आणि रक्ताविना गोळा काही महिन्यांत ढासळू शकतो. तरुण माणसात स्क्रू घालून तो वाचवायचा प्रयत्न करतात. सत्तरीपुढच्या माणसावर पुन्हा ऑपरेशनची पाळी येऊ नये म्हणून गोळाच बदलतात. काकांचं तसंच झालं असणार. ट्रोकँटरला मात्र रक्त भरपूर. तिथलं हाड जुळतं, पण नीट धरून ठेवलं नाही तर वाकडं जुळतं आणि पाय आखूड होतो. म्हणून तिथे प्लेट किंवा रॉड.

या दोन्हींत एक जाड स्क्रू मानेतून गोळ्यात जातो. प्लेटमध्ये, म्हणजे डीएचएसमध्ये, त्याला आधार हाडाच्या बाहेरून मिळतो. रॉडमध्ये, म्हणजे पीएफएनमध्ये, हाडाच्या पोकळीतून. मोड सरळ दोन तुकड्यांची असेल आणि हाडाची बाहेरची भिंत शाबूत असेल, तर प्लेट रॉडइतकंच काम करते, तेही कमी पैशांत. पण ती भिंत फुटली असेल, मोड उलट्या दिशेने तिरकी असेल किंवा खाली मांडीत उतरली असेल, तर प्लेट दगा देते. तिथे रॉडच हवा. नवा आणि महाग म्हणून रॉड सरस, हे मला मान्य नाही. पीएफएनए-2 नावाचा रॉड आशियाई माणसांच्या हाडाचा आकार पाहून बनवला, हा खरा उपयोगाचा बदल. पण तोही चुकीच्या जागी बसला तर काही कामाचा नाही.

जागा कशी मोजतात, हे पाहण्यासारखं आहे. समोरून आणि बाजूने असे दोन एक्स-रे घेतात. प्रत्येकात स्क्रूच्या टोकापासून गोळ्याच्या माथ्यापर्यंतचं अंतर मोजतात आणि दोन्हींची बेरीज करतात. अमेरिकेतल्या बॉमगार्टनर आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये दाखवलं, की ही बेरीज 25 मिलिमीटर किंवा त्याहून कमी असलेला एकही स्क्रू गोळा फाडून बाहेर आला नव्हता. आईचे ऑपरेशननंतरचे एक्स-रे घेऊन डॉक्टरांना हे अंतर जरूर विचारा.

गोळ्याचेही प्रकार आहेत. जुना ऑस्टिन मूर एकसंध आणि स्वस्त, बायपोलर आतल्या आत फिरणारा, आणि वाटीसकट बदलला तर पूर्ण सांधा. 1,495 रुग्णांवरच्या, 2019 साली आलेल्या अभ्यासात अर्धा, म्हणजे नुसता गोळा बदललेला, आणि पूर्ण सांधा यांत दोन वर्षांत पुन्हा ऑपरेशन लागण्याचं प्रमाण जवळजवळ सारखंच निघालं. पूर्ण सांधा निखळण्याचं प्रमाण मात्र अधिक होतं. खाली मांडी घालून बसणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांच्या बाबतीत हे ध्यानात ठेवायला हवं. म्हाताऱ्या, ठिसूळ हाडात गोळा सिमेंटने बसवणं सहसा अधिक चांगलं.

पण धातूपेक्षा मोठी गोष्ट वेळेची. हैदराबादेत ठिकठिकाणी पुत्तूर कट्टूच्या, म्हणजे हाडवैद्यांच्या पाट्या दिसतात. पंजागुट्ट्याचं निम्स मुळात हाडांचं इस्पितळ म्हणून निजामाच्या धर्मादाय न्यासाने उभं केलं. त्याच शहरात खुबा मोडलेली आजी आधी पट्टी बांधायला नेली जाते, याचं मला फार वाईट वाटतं. खुब्याची मोड पट्टीने धरून ठेवता येत नाही, आणि आठवडेच्या आठवडे पडून राहिलं की शय्याव्रण, न्यूमोनिया, पायात रक्ताच्या गुठळ्या हे सगळं मागे लागतं. तब्येत झेपत असेल तर ऑपरेशन दाखल झाल्याच्या किंवा दुसऱ्या दिवशी व्हावं आणि त्यानंतरच्या दिवशी वॉकर धरून उभं करावं. भारतासह 17 देशांतल्या, 2020 साली आलेल्या अभ्यासात निदानानंतर सरासरी 6 तासांत ऑपरेशन झालेल्या रुग्णांचे मृत्यू 24 तासांवाल्यांपेक्षा फारसे कमी झाले नाहीत. पण त्यांना भ्रम कमी झाला आणि ते लवकर उभे राहिले. पैशांसाठी ऑपरेशन अडू देऊ नका : सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्न काहीही असो, आयुष्मान भारतचं 5 लाखांचं संरक्षण 2024 पासून आहे.

आता तुमच्या आईसाठी. एक खुबा मोडला की दुसरा मोडण्याची भीती वाढते, आणि रॉड घातल्याने हाडाचा ठिसूळपणा जात नाही. खुब्याच्या ऑपरेशननंतर झोलेड्रोनिक ॲसिडचं वर्षातून एकदा द्यायचं इंजेक्शन घेतलेल्यांत नव्या मोडी 35 टक्क्यांनी कमी झाल्या, हे 2007 मध्ये 2,127 रुग्णांवर दिसलं. आधी ड जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडाची तपासणी लागते. डिस्चार्जच्या कागदांत याचा उल्लेख नसेल, तर पुढच्या तपासणीला जाल त्या दिवशी डॉक्टरांना स्वतःहून विचारा.