पायरीची कड

बुऱ्हाणपुरात राजघाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत आमच्या मावशींचं जुनं घर आहे. काचबिंदूने त्यांची नजर कडेकडेने जात गेली. समोरच्याचा चेहरा त्या ओळखतात, पायाखालचं मात्र दिसत नाही. काचबिंदूत गेलेली दृष्टी परत येत नाही, म्हणून मुलांनी घर सुधारून घ्यायचं ठरवलं. ठेकेदाराने ‘अंधांसाठी खास काम’ म्हणून पैसे घेतले आणि ओसरीपासून मोरीपर्यंत एकच चकचकीत पांढरी फरशी बसवली. पायऱ्यांनाही तीच.

दुपारचं ऊन आत आलं की तिन्ही पायऱ्या मिळून एक सपाट पांढरा पट्टा दिसायचा. पूर्वीच्या दगडी पायऱ्यांची झिजलेली कड मावशींच्या पायाच्या बोटांना पाठ होती. ती उखडून टाकली गेली. पुढच्याच महिन्यात त्या पडल्या आणि मनगट मोडलं.

अंध म्हणजे पूर्ण काळोख, हा समज इथे नडला. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ नुसार दृष्टीचं क्षेत्र १० अंशांपेक्षा कमी उरलं तरी ते अंधत्वच. अशा माणसाला उजेड, रंगातला फरक आणि पायाला लागणारा खडबडीतपणा या तिन्हींचा आधार लागतो. जपानच्या सेइची मियाके यांनी १९६५ साली तयार केलेल्या उठावाच्या फरश्या तळव्यांना कळतात. त्या पुढे पिवळ्या रंगात रूढ झाल्या, त्या अंधुक दिसणाऱ्यांच्या सोयीसाठीच.

आता मावशींच्या प्रत्येक पायरीच्या कडेला सुमारे ५ सेंमी रुंदीची काळी खरखरीत पट्टी आहे. कठडा पहिल्या पायरीच्या अलीकडे सुरू होतो आणि शेवटच्या पायरीच्या पुढे संपतो, म्हणजे पायऱ्या कुठे संपल्या ते हाताला कळतं. मोरीत निळी बादली, लाल तांब्या. गॅसच्या बटणावर ‘बंद’च्या जागी एम-सीलचा टपोरा ठिपका. दार एक तर पूर्ण उघडं, नाही तर पूर्ण बंद. अर्धवट उघड्या दाराची कड कपाळावर बसते. खर्च फरशीच्या मानाने नगण्य.

काम काढण्याआधी ज्याच्यासाठी ते करायचं त्या माणसाला सकाळी, भर उन्हात आणि दिवेलागणीला घरभर चालू द्यावं, तो कुठे थबकतो ते बघावं. फरशीचे नमुने दुकानातल्या दिव्याखाली पसंत न करता घरी आणून ओले करून तपासावेत. अंधांसाठी काम करणाऱ्या, १९५२ साली स्थापन झालेल्या ‘नॅब’सारख्या संस्थांकडे काठीने वावरायचं शिकवणारे प्रशिक्षक असतात, नॅबची महाराष्ट्र शाखा नाशिकला आहे. ठेकेदाराच्या हाती बयाणा ठेवण्याआधी अशा प्रशिक्षकाशी बोलून घ्यावं, शक्य असेल तर त्याला घर दाखवावं.