गोठ्यातील जमीन : फटींची की अंथरुणाची?

दुभती गाय चोवीस तासांपैकी सुमारे १० ते १४ तास बसून असते. रवंथ करण्यास व खुरांना विसावा मिळण्यास हे बसणे अवश्य होय.

आयर्लंडमध्ये हिवाळ्यात पुष्कळ जनावरे फटी ठेवलेल्या काँक्रीटच्या जमिनीवर ठेवतात. शेण-मूत्र फटींतून खालच्या टाकीत पडते. त्यामुळे मजुरी व पेंढा वाचतो. परंतु अशा कठीण जमिनीवर जनावरास उठणे-बसणे जड जाते. म्हणूनच युरोपीय संघाच्या सेंद्रिय पशुपालनाच्या नियमांनुसार गोठ्यातील निदान अर्धी जमीन फटींविना व बसण्याची जागा कोरडी आणि अंथरलेली असावी लागते.

आपल्याकडील फरशीचा वा सिमेंटचा गोठाही कठीणच असतो. कडबा वैरणीसाठी राखून ठेवावा. अंथरुणास उसाचे वाळलेले पाचट, भाताचा तूस किंवा गव्हाणीतील उष्टावळ वापरावी. जमिनीस मूत्राच्या नालीकडे उतार द्यावा. ओल्या अंथरुणामुळे कासदाह बळावतो, म्हणून ओला भाग रोज काढून खतखड्ड्यात टाकावा. त्याचे उत्तम खत होते.

अंथरूण पारखण्याची रीत सोपी आहे. त्यावर स्वतः गुडघे टेकून पाहावे. गुडघे ओले झाले अगर दुखले, तर ती जागा गाईसही योग्य नाही असे समजावे.