दिवे लागले, पण नोंद कुठे आहे?

ग्रामपंचायतीत नव्याने निवडून आलेल्या सरपंचांना आणि नुकत्याच रुजू झालेल्या ग्रामसेवकांना ऑडिट म्हटलं की दोनच गोष्टी सुचतात. कुणीतरी येऊन आपल्या चुका काढणार, आणि त्याला आपण कसं सांभाळायचं. माझी सगळी नोकरी आधी ग्रामसेवक आणि मग ग्रामविकास अधिकारी म्हणून गेली. (2024 मध्ये शासनाने ही दोन्ही पदं एकत्र करून 'ग्रामपंचायत अधिकारी' असं नाव दिलं, गावात हाक मात्र अजून 'भाऊसाहेब' हीच आहे.) या काळात पैसे खाल्ल्याचे आक्षेप मी मोजके पाहिले. कागद नसल्याचे आक्षेप ढिगाने पाहिले. गंमत अशी की वसुलीची नोटीस निघते तेव्हा या दोन्हींत फारसा फरक उरत नाही.

एका गावाला माझी बदली झाली, तेव्हा आधीचे ग्रामसेवक रीतसर कार्यभार न देताच दुसऱ्या तालुक्यात हजर झाले होते. कपाटाची किल्ली शिपायाकडे, कपाटात लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे, आणि कोणत्या गठ्ठ्यात काय हे फक्त शिपायाला ठाऊक. महिना सरतो न सरतो तोच पंचायत समितीतून निरोप आला की स्थानिक निधीचं पथक बसलंय, मागच्या दोन वर्षांचं दप्तर घेऊन या. दप्तर गोणीत भरून मोटारसायकलवर बांधलं आणि निघालो. सरपंचताई आणि त्यांचे यजमान मागून जीपने आले.

लेखापरीक्षक शांत माणूस होता. सामान्य रोकडवही, म्हणजे आपला नमुना 5, त्याने पासबुकाशेजारी ठेवला आणि एकेका नोंदीवर पेन्सिलीने टिक करत गेला. पथदिव्यांच्या खरेदीपाशी थांबला. प्रमाणक होतं, धनादेशाचा क्रमांक होता, दुकानदाराचं बिलही होतं. साठा नोंदवहीत मात्र एक अक्षर नव्हतं.

"अहो साहेब, दिवे गावात लागलेत. संध्याकाळी या, दाखवते," सरपंचताई म्हणाल्या.

"ताई, दिवे लागलेत हे मला मान्य आहे," तो म्हणाला. "पण बिलात आहेत तेवढेच लागलेत का, आणि बिलात आहेत तेच लागलेत का, हे मला कोणता कागद सांगणार?"

मग त्याने दरपत्रकं मागितली. तीन दुकानांची तीन होती. त्याने ती टेबलावर शेजारी शेजारी मांडली आणि आमच्याकडे फिरवली. तिन्ही दुकानदारांनी 'पथदिवे' हा शब्द 'पतदिवे' असा लिहिला होता, आणि तिन्हींतला 'त' एकाच वळणाचा होता. तो काहीच बोलला नाही. बोलण्यासारखं राहिलंही नव्हतं. सरपंचताईंना त्याने एकच विचारलं, "ही सही तुमचीच ना?" उत्तर यजमानांनी दिलं: "हो, तिचीच आहे, मीच घेतली होती." तेवढ्या एका वाक्याने त्या बाईंची बाजू किती कमजोर झाली, हे त्यांना पुढे वसुलीचा कागद हातात पडला तेव्हा कळलं. वसुली निघाली की ती बहुधा सरपंच आणि ग्रामसेवक यांच्यावर निम्मी-निम्मी बसते. यजमानांच्या नावाने ती निघत नाही.

तेव्हापासून नव्या लोकांना मी पहिली गोष्ट हीच सांगत आलोय की हिशेब पंचायतीचा आहे. तो लिहिणं, जुळवणं, त्यात चोरी होऊ नये अशी व्यवस्था लावणं, आणि मागितलेला प्रत्येक कागद पुढे ठेवणं हे सरपंच आणि सचिवाचं काम. लेखापरीक्षकाचं काम त्यावर मत देण्याचं. 'काय चुकलंय ते ऑडिटवाले सांगतील, मग करू दुरुस्त' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचा आता रागही येत नाही. ऑडिटला येणारा माणूस मागच्या वर्षाचा हिशेब तपासायला येतो, लिहून द्यायला येत नाही. महाराष्ट्र स्थानिक निधी लेखापरीक्षा अधिनियम 1930 सालचा आहे. कागद मागण्याचा आणि माणसाला समोर बोलावण्याचा अधिकार त्यात आहे, आणि तो न जुमानणं हा त्यात गुन्हा आहे. 'दप्तर घरी राहिलं' हे उत्तर तिथे चालत नाही.

पथक येण्याची तारीख कळली की धावपळ सुरू होते. माझं म्हणणं, तोवर उशीर झालेला असतो. रोकडवही रोजची रोज लिहिलेली हवी आणि महिनाअखेर बँकेच्या उताऱ्याशी तिचा ताळमेळ घातलेला हवा. फरक निघाला तर तो कशामुळे, हे त्याच पानावर लिहा. न वटलेला धनादेश असेल, बँकेने कापलेलं शुल्क असेल, नाहीतर परस्पर जमा झालेलं अनुदान. सहा महिन्यांनी ते कुणालाच आठवत नाही. करवसुलीची रक्कम बँकेत न भरता तिच्यातूनच खर्च भागवण्याची सवय तर आजच सोडा. 'परस्पर खर्च' हा आक्षेप बहुतेक अहवालांत सापडेल. पाण्याच्या मोटारीची दुरुस्ती रात्रीतून करावी लागली हे खरं असतं, पण वसुलीचे पैसे परस्पर मेकॅनिकला गेले की त्या दिवसाची पावती आणि बँकेचा भरणा जुळत नाहीत, आणि खऱ्या खर्चावरही संशय येतो.

कामाच्या बिलांत गोची होते ती कपातीची. गटाराचं नाहीतर सिमेंट रस्त्याचं बिल देताना आयकराची कपात, एक टक्का कामगार कल्याण उपकर, गौण खनिजाचं स्वामित्वधन, आणि करार अडीच लाखांच्या वर असेल तर दोन टक्के जीएसटी टीडीएस. हे कापलं, एवढं पुरत नाही. ते भरल्याचं चलन प्रमाणकाला जोडलेलं हवं. कापलं आणि भरलंच नाही, तर न कापण्यापेक्षा वाईट. मोजमाप पुस्तिका शाखा अभियंत्याकडे असते आणि ऑडिटच्या दिवशी तो नेमका दौऱ्यावर असतो, म्हणून बिल देतानाच तिच्या पानांची साक्षांकित प्रत फाइलला लावून ठेवा. स्वतःच्या उत्पन्नातला मागासवर्गीयांसाठीचा 15 टक्के, महिला व बालकल्याणाचा 10 टक्के आणि दिव्यांगांचा 5 टक्के खर्च मार्चच्या शेवटच्या आठवड्यात उरकू नका. एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतलेल्या साड्या, वह्या आणि कुबड्या कुणाच्याही नजरेत भरतात.

आता डिजिटल सहीचं. ई-ग्रामस्वराज आणि पीएफएमएसवरून पैसे जाऊ लागल्यापासून धनादेशपुस्तक जवळपास गेलं आणि त्याच्या जागी सरपंचाची व सचिवाची डिजिटल सही असलेलं डोंगल आलं. हे डोंगल कुठे असतं? दहातल्या सात-आठ गावांत ते संगणक परिचालकाच्या ड्रॉवरमध्ये, पासवर्ड डोंगलवरच चिकटवलेला. परिचालक प्रामाणिक असतो, पगार थकलेला असतो, तरी काम करत असतो. प्रश्न त्याच्या प्रामाणिकपणाचा नाहीच. देयक मंजूर केलं कुणी, असं विचारल्यावर यंत्र तुमचं नाव सांगणार आहे. डोंगल ज्याच्या नावाचं त्याच्याच खिशात राहिलं पाहिजे, आणि प्रत्येक देयकाआधी ठराव व बिल बघून सही त्यानेच केली पाहिजे. सरपंच महिला असल्या तर हे दुप्पट लागू. ताई, यजमानांना नाही म्हणता येत नसेल तर निदान ऑडिटच्या टेबलापाशी तरी स्वतः बोला.

दप्तर अपुरं असताना होणारा सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे जुने कागद नव्याने तयार करणं. शेजारच्या टेबलावर एका ग्रामपंचायतीचं इतिवृत्त तपासताना मी पाहिलंय. मागच्या सरपंचांच्या कारकिर्दीतल्या ठरावाखाली नव्या सरपंचांच्या नावाचा शिक्का. घाईत हाताला लागला तो मारला. ठराव नव्हता एवढाच आक्षेप आला असता, तिथे बनावट अभिलेखाचा आला. नाही तो कागद नाही म्हणा. दुकानदाराकडून बिलाची दुसरी प्रत मागा, बँकेकडून उतारा मागा, पंचायत समितीतल्या फाइलमधून तांत्रिक मंजुरीची प्रत काढा, आणि हे सगळं आजच्या तारखेने, आजच्या सहीने सादर करा. मागचा ग्रामसेवक दप्तर देत नसेल तर गटविकास अधिकाऱ्यांना लेखी कळवा. दप्तर अडवून ठेवणाऱ्याकडून ते ताब्यात घेण्याची तरतूद ग्रामपंचायत अधिनियमात आहे. चार्ज घेतानाच विस्तार अधिकाऱ्यांसमोर यादी करा, आणि प्रत्येक पावती पुस्तकाचा क्रमांक त्या यादीत येऊ द्या. कोरं पावती पुस्तक हरवलं तर त्यावर किती वसूल झालं असेल याचा अंदाज लेखापरीक्षक बांधतो, आणि तो तुम्हाला परवडणारा नसतो.

पावत्यांवरून आठवलं. दुसऱ्या एका गावात घरपट्टीच्या पावत्या आणि कर मागणी नोंदवही, म्हणजे नमुना 9, मला जुळेनात. पाच-सहा घरी जाऊन त्यांच्याकडच्या पावत्या पाहिल्या. मूळ पावतीवर एक रक्कम, कार्बन प्रतीवर तिच्याहून कमी. वसुली करणारा माणूस गावातलाच, सगळ्यांच्या घरचा. सरपंच म्हणाले, "भाऊसाहेब, त्याच्याकडून भरून घेऊ, ऑडिटला कशाला सांगता?" भरून घेतलंच. पण ऑडिट सुरू झालं त्या दिवशी सगळा प्रकार, भरणा केल्याच्या चलनासह, लेखी दिला. अहवालात परिच्छेद आलाच, पण 'ग्रामपंचायतीने स्वतः निदर्शनास आणले' या शब्दांसह. हेच एखाद्या ग्रामस्थाच्या तक्रारीतून बाहेर आलं असतं तर आम्ही तिघेही एकाच ओळीत उभे असतो. आपल्याला माहीत असलेला गैरप्रकार, कोर्टात चालू असलेलं प्रकरण, सदस्याच्या भावाला दिलेलं काम, हे न विचारता सांगायचं असतं.

अर्धसमास पत्राकडे लोक फार हलक्यात बघतात. पान मधोमध दुमडून एका बाजूला लेखापरीक्षक शंका लिहितो, दुसरी बाजू तुमच्यासाठी कोरी सोडतो. ती कोरी बाजू हीच तुमची सगळ्यात स्वस्तातली संधी. तिथे कागद जोडून उत्तर दिलं की शंका अहवालात जातच नाही. तिथे 'माहिती घेऊन सादर करतो' असं लिहून सुटलात, की तीच शंका परिच्छेद होऊन येते, आक्षेपाधीन रकमेसह. मग अनुपालन पंचायत समितीमार्फत वर जातं, त्रुटीसह परत येतं, पुन्हा जातं, आणि तोवर तुमची बदली झालेली असते. पथदिव्यांच्या प्रकरणात मी गावातल्या खांबांची क्रमवार यादी केली, वीज वितरणच्या लाइनमनला सोबत घेऊन पंचनामा केला आणि साठा नोंदवहीत त्या दिवसाच्या तारखेने नोंद घेतली. दिव्यांच्या संख्येचा आक्षेप मिटला. दरपत्रकांचा मिटला नाही, आणि मिटायला नकोच होता.

लेखापरीक्षक नेहमी बरोबरच असतो असं मात्र नाही. कधी रद्द झालेल्या शासन निर्णयाचा आधार घेतला जातो, कधी बंधित आणि अबंधित निधीची गल्लत होते. तिथे मान डोलावू नका. नवा निर्णय क्रमांक-दिनांकासह काढा, लेखी मांडा, आवाज न चढवता. आणि 'ऑडिटचं मी बघून घेतो' म्हणणारा मध्यस्थ भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. तो कुठेही सही करत नाही.

उत्तर देताना 'यापुढे दक्षता घेण्यात येईल' हे वाक्य शक्यतो लिहूच नका. त्याने एकही परिच्छेद वगळला गेल्याचं मी पाहिलेलं नाही. प्रत्येक परिच्छेदाला वेगळं उत्तर, त्याखाली साक्षांकित प्रती, वसुली असेल तर भरल्याची पावती. नमुना 27 मध्ये पूर्ततेचं मासिक विवरण जातं, ते खरोखर भरा. मागच्या महिन्याचेच आकडे उतरवून पाठवू नका. जुने परिच्छेद मरत नाहीत. विधिमंडळाची पंचायत राज समिती जिल्ह्यात आली की ते वर येतात, आणि निवृत्त होणाऱ्या ग्रामसेवकाच्या उपदानाची फाइल त्यांच्यापाशीच अडते. शिवाय 2021-26 साठीच्या पंधराव्या वित्त आयोगाने लेखापरीक्षित हिशेब ऑनलाइन उपलब्ध असण्याची अट अनुदानाला घातली, त्यामुळे दप्तराची हेळसांड थेट गावाच्या नळापर्यंत पोचू लागली.

सदस्यांनी आणि ग्रामस्थांनीही एक करावं. आर्थिक वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत होणाऱ्या ग्रामसभेपुढे वार्षिक हिशेबाबरोबर शेवटची लेखापरीक्षण टिप्पणी आणि तिला दिलेली उत्तरं ठेवणं ग्रामपंचायत अधिनियमाने बंधनकारक केलं आहे. फार थोड्या गावांत ती वाचली जाते. यंदाच्या सभेला जा आणि ती मोठ्याने वाचायला सांगा.