घरची बेगमी आणि शेजाऱ्याचा वाटा

सीमेवर चकमक उडाली, राजधानीत सत्तेचा पालट होऊ लागला, किंवा एखादा सरकारी हुकूम अकस्मात निघाला, म्हणजे त्याची वार्ता गावात येते आणि पहिला प्रश्न बहुधा चुलीपाशी उठतो. उद्या दुकान उघडेल काय? मीठ, तेल, डाळ मिळेल काय? गॅसची टाकी वेळेवर येईल काय? अशा वेळी मंडळीत दोन प्रकारचे लोक दिसून येतात. कित्येक म्हणतात की, उद्याची चिंता करणे हा अविश्वास होय, सबब काही साठवू नये. दुसरे कित्येक पिशव्या घेऊन बाजाराकडे धाव घेतात व हाती लागेल ते उचलून आणतात. आमच्या मते हे दोघेही मार्ग चुकले आहेत.

बेगमी आणि साठेबाजी ह्या दोन अगदी निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यातील भेद केवळ पोत्यांच्या संख्येवरून कळत नाही. धान्य केव्हा घेतले, कशासाठी घेतले, आणि ते घेताना कोणाच्या ताटातले उचलले, ह्यावरून तो कळतो. आजच्या पाठात हाच एक मुद्दा आम्ही वाचकांपुढे मांडणार आहो.

१. योसेफाची कोठारे

उत्पत्तीच्या ४१ व्या अध्यायातील कथा आपल्या मुलांनाही तोंडपाठ असते. सात वर्षे सुकाळ आणि त्यानंतर सात वर्षे दुष्काळ. परंतु तिच्यातील दोन गोष्टींकडे आपले लक्ष फारसे जात नाही. पहिली ही की, योसेफाने धान्य सुकाळात जमा केले. शेतात पीक मावेनासे झाले असता त्यातून एक पंचमांश बाजूस काढला. चार हिस्से लोकांपाशीच राहिले. म्हणून त्या साठ्यामुळे कोणी उपाशी राहिला नाही. दुसरी ही की, ज्या नगराच्या आसपासची शेते, त्यांचे धान्य त्याच नगरात ठेविले. गरज जेथे पडणार, साठाही तेथेच होता.

तथापि एवढ्यावर न थांबता ४७ वा अध्यायही वाचावा. दुष्काळ लांबला तेव्हा लोकांचा पैसा संपला. मग त्यांनी गुरेढोरे दिली. शेवटी जमिनी व स्वतःची शरीरेही फारोच्या स्वाधीन केली. जीव वाचले, पण शेतकऱ्याची भूमी गेली. ज्याच्या हाती कोठार, त्याच्या हाती माणूस, ही गोष्ट आपल्या खेड्यांस नवी नाही. पावसाळ्यात मणभर ज्वारी उसनी घेऊन सुगीला सवाईने किंवा दिडीने फेडता फेडता किती घराण्यांची शेते गेली, हे वृद्ध मंडळी सांगू शकतील. ह्यास्तव प्रत्येक लहान घरात थोडी बेगमी असणे हे त्या घराच्या स्वातंत्र्याचे रक्षण होय.

आता अविश्वासाविषयी. रानात मान्ना उद्यासाठी राखून ठेवू नये अशी आज्ञा होती, हे खरे. परंतु सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करावा ही आज्ञाही त्याच लोकांस झाली होती. तेव्हा ठेवणे हे स्वतः पाप नव्हे. भयाने व प्रमाणाबाहेर ठेवणे हे पाप होय.

२. बंगालचा धडा

भय आणि अनिश्चितता ही दुष्काळापेक्षाही भयंकर कशी होतात, ह्याचे आपल्या देशातील मोठे उदाहरण १९४३ सालच्या बंगालचे आहे. १९४२ च्या मार्च महिन्यात जपानी सैन्याने रंगून घेतले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ येणे बंद झाले. शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने किनाऱ्याकडील जिल्ह्यांतून नावा व जास्तीचा तांदूळ काढून घेतला. ऑक्टोबरात मेदिनीपूर जिल्ह्यावर मोठे वादळ आले. आता पुढे काय होणार, ह्या भीतीने व्यापाऱ्यांनी माल दाबून ठेविला आणि ज्याला शक्य होते त्या प्रत्येकाने आपल्यापुरते अधिक घेतले. कलकत्त्याच्या घाऊक बाजारात १९४२ च्या डिसेंबरात तांदूळ मणास सुमारे १३ ते १४ रुपये होता. पुढच्या मे महिन्यात तो ३० रुपयांच्या वर गेला, व ऑगस्टात सुमारे ३७ रुपये झाला.

मेले कोण? ज्यांच्या घरी साठा नव्हता व ज्यांची मजुरी भावाबरोबर वाढली नाही ते: भूमिहीन मजूर, कोळी, नावाडी, खेड्यातील कारागीर. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने १९४५ साली मृतांचा आकडा सुमारे १५ लाख धरला. पुढील अभ्यासकांनी तो २० ते ३० लाखांपर्यंत नेला आहे. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन ह्यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखविले की, १९४३ साली बंगालात असलेले एकूण धान्य १९४१ सालापेक्षा कमी नव्हते, उलट अधिकच होते, आणि १९४१ साली तर असा दुष्काळ पडला नव्हता. म्हणजे धान्य होते, पण ते विकत घेण्याचे सामर्थ्य गरिबाच्या हातून निसटले होते. टंचाईच्या भयाने एकाने दोन पोती अधिक घेतली, तर त्याची किंमत दुसरा कोणीतरी भरतो, हे येथे स्पष्ट दिसते.

३. मिठाची अफवा

युद्ध नसताही अफवा काय करू शकते ते पाहा. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी मोठ्या नोटा रद्द झाल्या आणि लोकांची मने अस्थिर झाली. त्यानंतर तीनच दिवसांनी उत्तर हिंदुस्थानात मीठ संपत असल्याची बातमी पसरली. ज्या देशास एवढा समुद्रकिनारा आहे व जेथे मीठ गरजेहून अधिक पिकते, त्या देशात लोक मिठासाठी रांगा लावू लागले, आणि काही ठिकाणी एका किलोस २०० रुपयांपर्यंत पैसे मोजले. मीठ कोठेच संपले नव्हते. २०२५ च्या मे महिन्यात भारत व पाकिस्तान ह्यांच्यात लढाईचे दिवस आले, तेव्हाही पुरेसे धान्य आहे असे सरकारला जाहीर करावे लागले, आणि चंडीगडच्या अधिकाऱ्यांनी साठेबाजीस मनाई करणारा हुकूम काढला.

ह्यावरून उपदेशक बंधूंनी एक नेम करावा. मोबाईलवर आलेली टंचाईची बातमी मंडळीत सांगण्यापूर्वी तहसील कार्यालयात, ग्रामपंचायतीत किंवा रेशन दुकानात विचारून खात्री करून घ्यावी. उपदेशकाच्या तोंडून निघालेली अफवा लोकांस अधिक खरी वाटते. म्हणून तिचा दोषही अधिक.

४. किती ठेवावे

शहाण्या देशांतही घरच्या बेगमीचा विचार होतो. स्वित्झर्लंडचे सरकार प्रजेस सांगते की, माणशी ९ लिटर पाणी व सुमारे एका आठवड्याचे अन्न घरात असावे. जर्मनीत दहा दिवसांच्या अन्नाची सूचना दिलेली आहे. स्वीडनने २०१८ साली, व पुन्हा २०२४ साली, संकटात काय करावे ह्याची पुस्तिका घरोघर पाठविली. ही सरकारे दिवसांचा हिशेब सांगतात, वर्षांचा नव्हे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. सर्वसाधारण घर आठवडाभर आपले आपण निभावील, तर सरकारी मदत प्रथम रोगी, वृद्ध व निराधार ह्यांच्याकडे जाऊ शकते. थोडी बेगमी ही अशा रीतीने शेजाऱ्याचीही सेवा होते.

आपल्या खेड्यात पूर येतो, रस्ते बंद होतात. म्हणून एक महिन्याची बेगमी आम्हांस योग्य वाटते. काम करणाऱ्या प्रौढ माणसास दररोज सुमारे ४०० ग्रॅम धान्य धरले, तर महिन्यास १२ किलो होते. तिघे मोठे व दोन लहान मुले अशा घरास सुमारे ५० किलो धान्य, ८ किलो डाळ, ३ किलो तेल, ३ किलो गूळ व दीड किलो मीठ पुरेल. ह्याशिवाय काड्यापेट्या, साबण, दिव्याची सोय, झाकणाच्या भांड्यात पिण्याचे पाणी, आणि घरातील रोग्याचे महिन्याचे औषध असावे. क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते. ते एक दिवसही चुकू देऊ नये. गुरांचा कडबा विसरू नये. आणि बियाण्याचे धान्य निराळे बांधून ठेवावे. ते खाल्ले म्हणजे पुढच्या वर्षाची भाकर खाल्ली.

५. कसे ठेवावे

आपल्या आयाबायांस हे ज्ञान पुष्कळ आहे. पावसाळ्यापूर्वी पापड, कुरडया, सांडगे वाळवून ठेवणे ही बेगमीच होय. तरी काही गोष्टी पुन्हा सांगतो. धान्य कडक उन्हात वाळवावे. दाणा दाताखाली कटकन फुटला म्हणजे वाळला असे समजावे. ऊन लागलेले धान्य निवल्यावरच भरावे, नाहीतर आत घाम धरून बुरशी येते. कणगी असो, पत्र्याची कोठी असो, ती भिंतीपासून दूर व फळीवर ठेवावी. कडुनिंबाचा वाळलेला पाला थरांत घालावा. मूग, मटकी, तूर ह्यांस राख किंवा थोडे एरंडेल चोळावे. पीठ करून ठेवू नये. बाजरीचे पीठ तर थोड्याच दिवसांत कडू होते. प्रत्येक डब्यावर खडूने महिना लिहावा आणि जुने आधी वापरावे, नवे मागे ठेवावे.

एक इशारा अवश्य आहे. धान्यात घालण्याच्या विषारी गोळ्या बाजारात मिळतात. त्यांतून निघणारा वायू प्राणघातक आहे, व झोपण्याच्या घरात त्या ठेवल्यामुळे माणसे मेली आहेत. राहत्या घरात त्या कधीही वापरू नयेत. पेट्रोलही घरात साठवू नये.

६. ज्याच्याजवळ काहीच नाही त्याने काय करावे

येथे पुष्कळ वाचक म्हणतील, आम्ही रोजच्या मजुरीवर रोजचे पीठ आणतो. आम्ही कशाची बेगमी करावी? हा प्रश्न खरा आहे व त्याचे उत्तर देणे मंडळीचे कर्तव्य आहे.

प्रथम, हक्काचे धान्य सोडू नये. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबास माणशी महिना ५ किलो व अंत्योदय कुटुंबास एकूण ३५ किलो धान्य ठरलेले आहे, आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य दिले जात आहे. परंतु घरात आलेल्या सुनेचे किंवा जन्मलेल्या मुलाचे नाव शिधापत्रिकेवर नसेल तर त्याचा वाटा येत नाही. हे काम शांततेच्या दिवसांत करून घ्यावे. गडबडीत कचेरीच्या दारात उभे राहून ते होत नाही.

दुसरे, मुठीचे सामर्थ्य ओळखावे. मिझोराममधील ख्रिस्ती स्त्रियांनी १९१० साली असा परिपाठ सुरू केला की, भात शिजविण्यापूर्वी प्रत्येक वेळी मूठभर तांदूळ देवाच्या कार्यासाठी निराळा काढावा. घरोघरच्या त्या मुठींतून त्यांच्या मंडळीचे मोठे कार्य उभे राहिले व हा परिपाठ आजही चालू आहे. मुठीने जमविलेल्या धान्याने बाजार रिकामा होत नाही व भाव चढत नाही. आपल्या मंडळीतही सुगीनंतर असे मुठीचे धान्य गोळा करून एक कोठी भरता येईल. तिचे नियम थोडे, पण पक्के असावेत. धान्य चौघांसमक्ष मोजावे व वहीत लिहावे. कोठीस दोन कुलपे असावीत व किल्ल्या दोन निरनिराळ्या घरी असाव्यात. जेवढे उसने दिले तेवढेच परत घ्यावे. सवाई-दिडीचे नावही काढू नये. आणि अडचणीत सापडलेला शेजारी मंडळीबाहेरचा असला, तरी त्यास रिकाम्या हाती परत लावू नये.

तिसरे, ज्यांच्याजवळ चार पैसे आहेत त्यांनी दर बाजारास एखादाच किलो अधिक घ्यावा आणि तोही सुगीच्या स्वस्ताईत. ज्या दिवशी दुकानासमोर गर्दी उसळते त्या दिवशी मात्र नित्याहून अधिक काही घेऊ नये. त्या दिवशीचा शेवटचा किलो आपल्या मागे उभ्या असलेल्या मजुराचा आहे. आधीपासून बेगमी करण्याचा खरा लाभ हाच की, त्या दिवशी आपणांस रांगेतून बाजूला होता येते.

ह्या आठवड्यात प्रत्येक घराने आपले डबे उघडून काय आहे ते पाहावे, शिधापत्रिकेवरील नावे वाचावीत, आणि गल्लीत कोणाच्या घरी दोन दिवसांचेही धान्य नाही ह्याचा शोध घ्यावा. त्या घराची व्यवस्था लागेपर्यंत मंडळीची बेगमी पूर्ण झाली असे आम्ही म्हणणार नाही.

विचारासाठी प्रश्न

१. योसेफाने धान्य केव्हा जमा केले, आणि व्यापारी ते बहुधा केव्हा दाबून ठेवितो?
२. ४७ व्या अध्यायात लोकांनी धान्यासाठी काय काय दिले? आपल्या गावात असे घडले आहे काय?
३. बंगालात १९४३ साली धान्य असताही माणसे का मेली?
४. आपल्या मंडळीत मुठीच्या धान्याची कोठी ठेवावयाची तर किल्ल्या कोणाकडे द्याव्या, व का?